जाक कार्तिएचे कॅनडा-वृत्तांत व ‘अनेद्दा’ वृक्षाची हकीकत

१. प्रास्ताविक

जुन्या कागदाची किंमत ठरवितांना तो अस्सल कीं नक्कल, समकालीन कीं उत्तरकालीन, हें आपण प्रथम पाहतों; आणि तें पाहणें अवश्यच आहे. परंतु कागद समकालीन आहे, तो छापून निघालेला आहे, ज्यांनीं वाचावयास हवा त्यांनीं तो वाचलेलाहि आहे, आणि असें असूनहि ज्या एका गोष्टीसाठीं तो सर्वांत उपयोगी पडावयाचा त्याच गोष्टीस तो निरुपयोगी ठरला, असाहि प्रसंग इतिहासांत घडतो. फ्रेंचांनीं उत्तर अमेरिकेंत वसाहत करण्याचे जे पहिले प्रयत्न केले त्यांच्या कागदपत्रांत असा एक प्रसंग आम्हांस आढळला. हस्तलिखितें जमविणाऱ्या वाचकांस तो विशेष विचार करण्याजोगा वाटेल, या समजुतीनें त्याची हकीकत येथें मांडतों.

मुद्दा थोडक्यांत असा आहे. १५३६ सालच्या हिवाळ्याच्या अखेरीस, आज जेथें क्वेबेक शहर आहे तेथें, जाक कार्तिएचीं माणसें स्कर्व्ही रोगानें मरत होतीं. तेथील एका देशी मनुष्यानें त्यांना एका झाडाचा काढा दाखवून दिला आणि उरलेलीं माणसें बरीं झालीं. ही हकीकत १५४५ सालीं पॅरिस येथें छापून प्रसिद्ध झाली. तरी १५४२ पासून १६०९ पर्यंत त्याच मुलखांत व त्याच्या शेजारच्या किनाऱ्यावर हिवाळा काढणाऱ्या फ्रेंचांपैकीं सुमारें शंभर माणसें त्याच रोगास बळी पडलीं. कागद होता, पण औषध नव्हतें. हें कसें घडलें, याचा उलगडा त्या कागदांतूनच करतां येतो काय, हें आपणांस पाहावयाचें आहे.

२. साधनें

कार्तिए हा ब्रितानी प्रांतांतील सें मालो बंदराचा दर्यावर्दी. त्यानें कॅनडाच्या तीन सफरी केल्या: पहिली १५३४ सालीं, दुसरी १५३५-३६ सालीं व तिसरी १५४१-४२ सालीं. तिहींचे वृत्तांत उपलब्ध आहेत. पण त्यांपैकीं एकहि कार्तिएच्या हस्ताक्षराचा म्हणून सिद्ध झालेला नाहीं, आणि त्यांचा लेखक स्वतः कार्तिएच कीं त्याच्या बरोबरचा कोणी लेखक, याविषयींहि पंडितांत एकमत नाहीं.

पहिल्या सफरीचा वृत्तांत आधीं इटालियन भाषेंत बाहेर पडला. व्हेनिसच्या रामूझिओनें तो आपल्या प्रवाससंग्रहाच्या तिसऱ्या खंडांत १५५६ सालीं छापला. त्यावरून फ्लोरिओनें १५८० सालीं इंग्रजी भाषांतर केलें. १५९८ सालीं रूआं येथें तो फ्रेंचमध्यें निघाला, तोहि परभाषेंतून उलटून आलेला. म्हणजे फ्रेंच मनुष्याच्या सफरीचा वृत्तांत फ्रेंचांनींच परक्या भाषेच्या द्वारें वाचावा अशी पाळी आली. फ्रेंच पाठाची हस्तलिखित प्रत पॅरिसच्या मोठ्या ग्रंथालयांत सांपडून १८६७ सालीं मिशलां व रामे यांनीं प्रसिद्ध केली. ही प्रतहि नक्कलच आहे.

दुसऱ्या सफरीचा वृत्तांत सर्वांत विस्तृत व सर्वांत महत्त्वाचा. तो १५४५ सालीं लेखकाचें नांव न देतां छापला गेला. शिवाय त्याच्या तीन हस्तलिखित प्रती पॅरिस येथें आहेत. त्यांचा ताळा पाहून बिगर यांनीं १९२४ सालीं ओटावा येथून आपली आवृत्ति काढली, व १९८६ सालीं मिशेल बिदो यांनीं तिन्ही वृत्तांतांची नवी चिकित्सक आवृत्ति सिद्ध केली.

तिसऱ्या सफरीचा फ्रेंच पाठ आज कोठेंहि नाहीं. रिचर्ड हॅक्लूट या इंग्रज संग्राहकानें १६०० सालीं छापलेलें इंग्रजी भाषांतर तेवढें उरलें आहे, आणि तेंहि अपुरें. मजकूर मध्येंच तुटतो व पुढील भाग उपलब्ध नाहीं अशी टीप हॅक्लूटनें शेवटीं दिली आहे. हें तुटलेलें टोंक वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. पुढें त्याची गरज पडणार आहे.

कार्तिए १ सप्टेंबर १५५७ रोजीं सें मालो येथें वारला. त्यानंतर तीस वर्षांनीं, १५८७ च्या सुमारास, त्याचा नातलग जाक नोएल यानें पॅरिसच्या एका विद्यार्थ्यास लिहिलेलीं पत्रें हॅक्लूटनेंच छापलीं आहेत. त्यांपैकीं एकांत नोएल कळवितो कीं, सें मालोंत शक्य तेथें सर्वत्र शोध केला. परंतु एका समुद्रपटाच्या वहीखेरीज कार्तिएचें कांहींएक लिखाण हातीं लागलें नाहीं. ज्यांनीं जुन्या घराण्यांचे वाडे व माळे धुंडाळले आहेत त्यांस नोएलची निराशा निराळी समजावून सांगावयास नको. एका पिढीच्या अवधींत, खुद्द नायकाच्या गांवांत व त्याच्याच नातलगांच्या हातून, मूळ दप्तर नाहींसें झालें होतें.

३. क्रूस व दोन मुलगे

२० एप्रिल १५३४ रोजीं कार्तिए दोन जहाजें व ६१ माणसें घेऊन सें मालोहून निघाला व १० मे रोजीं न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यास लागला. सोनें मिळवावें व चीनकडे जाणारा जलमार्ग शोधावा हा राजा पहिला फ्रान्सिस याचा हेतु होता. २४ जुलै रोजीं गास्पे येथें कार्तिएनें ३० फूट उंचीचा लांकडी क्रूस उभारून त्यावर फ्रान्सच्या राजाचा जयघोष लिहविला. तेव्हां मासेमारीसाठीं तेथें आलेल्या स्टाडाकोनाच्या लोकांचा नायक डोनाकोना होडींतून जहाजाजवळ आला. त्यानें दोन बोटांची फुली करून क्रुसाकडे बोट दाखविलें, भोंवतालच्या सर्व जमिनीवरून हात फिरविला व लांबलचक भाषण केलें. ही जमीन आमची, आमच्या परवानगीवांचून हा खांब पुरावयाचा नव्हता, असा त्या भाषणाचा आशय फ्रेंचांनीं स्वतःच घेतला व तसा लिहूनहि ठेविला. त्यांनीं त्यास जहाजावर चढवून घेतलें, खाऊं-पिऊं घातलें व सांगितलें कीं, हा खांब केवळ बंदर ओळखण्याची खूण आहे. नंतर त्याच्या डोमागाया व तेन्योआन्यी या दोन मुलांना, परत आणून सोडण्याच्या बोलीवर, फ्रान्सला नेलें. ५ सप्टेंबर रोजीं जहाजें सें मालोस पोंचलीं.

या वृत्तांताचा एक गुण येथें नमूद केला पाहिजे. लेखक आपल्या बाजूचें असत्य झांकीत नाहीं. खांबाविषयीं आपण खोटें सांगितलें हें तो निःसंकोच लिहितो; त्यांत लाजण्यासारखें कांहीं आहे असें त्यास वाटलेलेंच दिसत नाहीं. स्वतःविरुद्ध जाणारी अशी साक्ष इतिहासाच्या दृष्टीनें फार विश्वासार्ह समजावी लागते.

४. १५३५-३६ चा हिवाळा

दुसऱ्या सफरीस कार्तिए १९ मे १५३५ रोजीं निघाला. ग्रांद एर्मीन, पतीत एर्मीन व एमेरियों हीं तीन जहाजें आणि ११० माणसें त्याच्याबरोबर होतीं. ते दोघे मुलगे आतां दुभाषे होऊन परत येत होते. त्यांनीं दाखविलेल्या मार्गानेंच फ्रेंच लोक सेंट लॉरेन्स नदीनें वर जाऊन स्टाडाकोना या गांवीं पोंचले. पुढें २ ऑक्टोबर रोजीं कार्तिए होशेलागा येथें गेला. लांकडी तटानें वेढलेलें, सुमारें पन्नास लांब घरांचें हें गांव आजच्या मॉन्ट्रियलच्या जागीं होतें, व हजारावर माणसें त्याच्या स्वागतास जमलीं होतीं. परत येऊन त्यानें स्टाडाकोनाजवळच्या लहान नदींत जहाजें नांगरलीं व कांठावर मेढेकोट घालून हिवाळ्याची तयारी केली.

त्या हिवाळ्याची कल्पना आपल्या देशांतील मनुष्यास येणें कठीण. नोव्हेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत जहाजें बर्फांत अडकून होतीं. बर्फाची जाडी दोन वांवांहून अधिक, जमिनीवर हिम चार फूट, व पिपांतील पेयेंसुद्धां गोठलेलीं, असें वृत्तांत सांगतो. डिसेंबरांत गांवांत रोग पसरून पन्नासांवर देशी माणसें मेल्याचें कळलें. मग तो रोग फ्रेंचांत शिरला. पाय सुजत व काळे पडत, हिरड्या कुजून दांत गळत, आणि शेवटीं माणूस उठेनासा होई. फेब्रुवारीच्या मध्यास ११० माणसांत धड दहाहि धडधाकट नव्हतीं. आंब्वाज गांवचा फिलिप रूजमों नांवाचा सुमारें बावीस वर्षांचा तरुण मेला, तेव्हां कारण समजावें म्हणून कार्तिएनें त्याचें शरीर उघडून पाहविलें; हृदय पांढुरकें व भोंवतीं तांबूस पाणी सांचलेलें दिसलें, पण उपाय कांहीं सुचला नाहीं. एकंदर २५ माणसें दगावलीं.

आपली दुर्बळता देशी लोकांस कळली तर ते चालून येतील ही भीति कार्तिएस होती. म्हणून ते जवळ आले म्हणजे जहाजांत पडलेल्या आजाऱ्यांकडून तो हातोड्यांनीं व दगडांनीं ठोकाठोक करवीत असे, अशासाठीं कीं आंत डागडुजीचें काम जोरांत चाललें आहे असें वाटावें. अशा स्थितींत एके दिवशीं बर्फावर त्यास डोमागाया भेटला. दहा-बारा दिवसांपूर्वीं याच डोमागायाचा गुडघा सुजून तो रोगानें जर्जर झालेला कार्तिएनें पाहिला होता. आतां तो चांगला हिंडत होता. कार्तिएनें आपला एक नोकर आजारी आहे एवढेंच सांगून उपाय विचारला. डोमागायानें लगेच दोन स्त्रिया त्याच्याबरोबर दिल्या. त्यांनीं एका झाडाच्या नऊ-दहा फांद्या आणल्या, साल व पानें सोलून पाण्यांत उकळावयास शिकविलें, आणि काढा दिवसाआड प्यावा व चोथा सुजलेल्या पायांवर बांधावा असें सांगितलें. त्या झाडाचें नांव त्यांच्या भाषेंत ‘अनेद्दा’. प्रथम कोणी काढा पिण्यास धजेना. एक-दोघांनीं घेतला व त्यांस गुण आला, तेव्हां झोंबाझोंबी सुरू झाली. आठवड्याभरांत एक प्रचंड झाड संपलें. युरोपांतील नामांकित वैद्य व औषधें यांनीं वर्षभरांत जें साधलें नसतें तें या झाडानें आठवड्यांत साधलें, असा अभिप्राय वृत्तांतांत आहे.

येथें एक शंका उभी राहते. औषध ठाऊक होतें तर गांवांत पन्नास माणसें मेलीं कशीं? गांवांतील रोग स्कर्व्ही नसून फ्रेंचांबरोबर आलेली एखादी सांथ असावी, असा तर्क कांहीं अभ्यासक करतात. आम्हांस तो संभवनीय वाटतो. मात्र मूळ वृत्तांत दोन्ही रोग एकच मानतो. फ्रेंचांच्या रोगाविषयीं मात्र संशय नाहीं. ताज्या वनस्पतींतील क जीवनसत्त्वाच्या अभावीं तो होतो, व तें मिळतांच झपाट्यानें हटतो, हें आतां सिद्ध झालेलें आहे.

५. उपकाराची परतफेड

औषध सांगणारा डोमागाया हा दोन वर्षांपूर्वीं फसवून नेलेलाच मुलगा होता. त्यानें दिलेल्या औषधावर जगलेल्या माणसांनीं पुढें काय केलें तें याच वृत्तांतांत आहे. ३ मे १५३६ रोजीं कार्तिएनें स्टाडाकोनाजवळ दुसरा क्रूस उभारला, आणि त्याच दिवशीं डोनाकोना, डोमागाया, तेन्योआन्यी व इतर कांहीं यांस पकडून जहाजावर घातलें. साग्वेने नांवाच्या सोन्यानें भरलेल्या राज्याच्या गोष्टी डोनाकोना सांगत असे. त्या त्यानें राजास स्वमुखानें सांगाव्या, हा एक हेतु. आणि त्याचा प्रतिस्पर्धी आगोना यास गादी मोकळी करून द्यावी, हा दुसरा. सुमारें दहा माणसें अशा रीतीनें फ्रान्सला गेलीं. १६ जुलै रोजीं कार्तिए सें मालोस पोंचला. त्या दहांपैकीं एक लहान मुलगी वगळतां बाकी सर्व फ्रान्समध्यें मरण पावलीं. कोणीहि परत आला नाहीं.

१५४१ सालीं कार्तिए पांच जहाजें घेऊन पुन्हां गेला, या वेळीं वसाहत करण्यासाठीं. मोहिमेचें आधिपत्य राजानें १५ जानेवारी १५४१ च्या सनदेनें रोबेर्वाल या सरदारास दिलें होतें, पण तो मागें राहिला होता. आगोनानें आपल्या लोकांविषयीं विचारलें, तेव्हां कार्तिएनें सांगितलें कीं, डोनाकोना वारला. बाकीचे तेथें मोठे सरदार होऊन लग्नें करून राहिले आहेत व त्यांस परत यावयाचें नाहीं. हें दुसरें असत्यहि वृत्तांतांतच नोंदलेलें आहे. स्टाडाकोनाच्या लोकांनीं तें मानलें नाहीं असें पुढील वैरावरून दिसतें. कार्तिए जुन्या जागेपासून दूर, काप रूज येथें राहिला.

याच तिसऱ्या वृत्तांतांत काप रूजच्या रानाचें वर्णन करतांना लेखक म्हणतो कीं, तीन वांवांहून अधिक घेराचें एक झाड येथें आहे, त्यास देशी लोक ‘हानेद्दा’ म्हणतात, त्याच्याइतका गुणकारी वृक्ष जगांत नाहीं, आणि त्याची माहिती आपण पुढें देऊं. पण ती माहिती येण्यापूर्वींच मजकूर तुटतो! झाडाचें वर्णन त्या हरवलेल्या पानांत होतें कीं तें लिहिलेंच गेलें नाहीं, याचा निर्णय आज करतां येत नाहीं. परंतु कागदाचें तुटलेलें टोंक नेमकें कोठें आहे तें पाहून कोणाहि संग्राहकाचें मन हळहळल्याशिवाय राहणार नाहीं.

१५४२ च्या उन्हाळ्यांत कार्तिए परत निघाला. न्यूफाउंडलंडमध्यें सेंट जॉन्स बंदरांत त्याची व कॅनडाकडे जाणाऱ्या रोबेर्वालची गांठ पडली. रोबेर्वालनें त्यास मागें फिरण्याचा हुकूम केला. कार्तिए रात्रींच्या रात्रीं निसटून फ्रान्सला गेला. त्यानें नेलेलें सोनें व हिरे परीक्षेअंतीं माक्षिक व गारगोटी ठरले, आणि खोट्या वस्तूस कॅनडाच्या हिऱ्याची उपमा देण्याची म्हण फ्रेंच भाषेंत पडली. खरें मोलाचें होतें तें त्या झाडाचें ज्ञान. तें तो रोबेर्वालच्या हातीं देऊन गेला असें पुढील परिणामावरून वाटत नाहीं. रोबेर्वालनें काप रूज येथेंच हिवाळा काढला, म्हणजे ज्या रानांत तें झाड असल्याची नोंद नुकतीच झाली होती तेथेंच. आणि त्याचीं सुमारें पन्नास माणसें स्कर्व्हीनें मेलीं. १५४३ सालीं वसाहत उठली.

६. साठ वर्षांनंतर

यापुढें साठ वर्षें फ्रेंचांनीं सेंट लॉरेन्सच्या वरच्या भागांत वसाहत केली नाहीं. मासेमारी व केसाळ कातड्यांचा व्यापार मात्र चालू होता. १६०० सालीं प्येर शोव्हें यानें नदीच्या खालच्या अंगास तादुसाक येथें सोळा माणसें हिवाळ्यासाठीं ठेविलीं. त्यांपैकीं बरींच दगावलीं व उरलेल्यांनीं देशी लोकांच्या आश्रयानें जीव वांचविला. १६०३ सालीं साम्युएल द शांप्लेन प्रथम त्या नदीनें वर गेला, तेव्हां स्टाडाकोना नव्हतें, होशेलागा नव्हतें, व तीं गांवें वसविणारे लोकहि नव्हते. युद्ध, रोगराई, पीक बुडणें अशीं अनेक कारणें अभ्यासक देतात. त्यांच्या जागीं आतां मोंतान्ये व आल्गोंकिन लोक वावरत होते व त्यांची भाषा अगदींच निराळी होती. कार्तिएच्या वृत्तांतांना जोडलेल्या शब्दांच्या याद्या हाच त्या नष्ट भाषेचा मुख्य अवशेष होय. त्यांवरूनच ती इरोक्वा कुळांतील होती हें ठरविलें गेलें आहे, आणि ‘कॅनडा’ हें देशाचें नांवहि त्याच यादींतील गांव या अर्थाच्या शब्दापासून आलें आहे.

१६०४ सालीं प्येर द्यूगा द मों यानें राजाकडून दहा वर्षांचा मक्ता घेऊन अकेडीच्या किनाऱ्यावर सेंत क्रवा नांवाच्या लहान बेटावर वसाहत केली. शांप्लेन बरोबर होता. ६ ऑक्टोबरलाच हिम पडलें. थंडी एवढी कीं सफरचंदाची दारू गोठून ती वजनानें वांटावी लागली. ७९ माणसांपैकीं ३५ स्कर्व्हीनें मेलीं व वीसाहून अधिक मरतां मरतां वांचलीं. येथेंहि प्रेतें उघडून पाहण्यांत आलीं. येथेंहि उपाय सांपडला नाहीं. पुढील वर्षीं वसाहत पोर रोयाल येथें हलविली; तेथें पहिल्या हिवाळ्यांत ४५ पैकीं १२ मेलीं.

कार्तिएचा वृत्तांत या लोकांस माहीत नव्हता काय? माहीत होता. १६१३ सालीं छापलेल्या आपल्या सफरींच्या ग्रंथांत शांप्लेन लिहितो कीं, अनेदा नांवाचा एक देशी नायक त्यास ठाऊक झाला, आणि त्या नांवावरून त्याचा समज झाला कीं, कार्तिएनें वर्णिलेली स्कर्व्हीवरील अनेदा नांवाची वनस्पति ज्यानें शोधली तो याच्याच वंशांतील असावा. परंतु तेथील लोकांस त्या वनस्पतीची कांहींच माहिती नव्हती. या एका उताऱ्यांत तीन चुका एकत्र झाल्या आहेत. कार्तिएच्या मजकुरांतील वृक्ष येथें लहान वनस्पति झाला आहे. झाडाचें नांव माणसाच्या नांवाशीं जोडलें गेलें आहे. आणि एका भाषेचा शब्द, ती भाषा न बोलणाऱ्या, दूरच्या किनाऱ्यावरील लोकांत शोधला गेला आहे. शांप्लेन आळशी किंवा बेफिकीर होता असें नाहीं. तो शोधीत होता. पण त्याच्या हातांत केवळ एक शब्द उरला होता.

याहून विलक्षण गोष्ट क्वेबेकची. ३ जुलै १६०८ रोजीं शांप्लेन तेथें उतरला व त्यानें वखरवजा घर बांधलें. जवळच्याच लहान नदीच्या कांठीं त्यास जुन्या धुराड्याचे अवशेष, खंदकाच्या खुणा, किडींनीं खाल्लेलीं तासलेलीं लांकडें व तीन-चार तोफेचे गोळे आढळले. कार्तिएचा वृत्तांत व स्थळ यांची तुलना करून त्यानें सप्रमाण ठरविलें कीं, १५३५-३६ चा हिवाळा कार्तिएनें येथेंच काढला. नकाशेवाल्यांनीं ‘सेंत क्रवा’ हें नांव दुसरीकडे नेलें आहे तें चुकीचें. संशोधनाचा हा उत्तम नमुना आहे, व आजहि त्याचा निष्कर्ष मान्य आहे. पण जेथें बसून त्यानें हें स्थलनिर्णयाचें काम केलें, तेथेंच त्या हिवाळ्यांत त्याच्या २८ माणसांपैकीं २० स्कर्व्ही व अतिसार यांनीं मेलीं. कार्तिएच्या कागदावरून त्याची चूल सांपडली. त्याच चुलीवर उकळलेलें झाड सांपडलें नाहीं.

७. ‘अनेद्दा’ कोणता वृक्ष?

आतां पाठचिकित्सेकडे वळूं. हॅक्लूटनें छापलेल्या दुसऱ्या सफरीच्या इंग्रजी भाषांतरांत या झाडाचें नांव ‘अमेदा किंवा हानेद्दा’ असें दिलें असून हा सॅसाफ्रस वृक्ष असावा असा तर्क जोडला आहे. दोन नांवें कां झालीं याचा उलगडा कठीण नाहीं. त्या काळच्या धांवत्या फ्रेंच लिपींत ‘न’ची जोडी व ‘म’ यांचें वळण इतकें सारखें दिसतें कीं, नक्कलकारानें एकाचें दुसरें करावें यांत नवल नाहीं. मोडी वाचणारांस असे घोटाळे नित्याचे आहेत. ‘अनेद्दा’ हाच पाठ ग्राह्य धरावा. कारण इरोक्वा भाषांत सूचिपर्णी वृक्षांस त्याच्याशीं जुळणारे शब्द आजहि आहेत.

सॅसाफ्रसचा तर्क तर मजकुरावरूनच खोडून निघतो. स्त्रियांनीं फांद्या आणल्या तेव्हां सर्वत्र बर्फ होतें, आणि त्या फांद्यांवर उकळण्याजोगीं पानें होतीं. सॅसाफ्रसचीं पानें हिवाळ्यापूर्वीं गळून पडतात, आणि क्वेबेकच्या रानांत तो वाढतहि नाहीं. अर्थात् झाड सदाहरित असलें पाहिजे. पुष्कळांनीं तें तेथील पांढरें सीडर म्हणजे थूजा मानलें आहे. अलीकडे बाल्सम फर या वृक्षाचा पक्षहि जोरानें मांडला गेला आहे. स्प्रूस व पाइन यांचींहि नांवें सुचविलीं गेलीं आहेत. यांपैकीं अनेकांच्या पानांचा काढा या रोगावर थोडाबहुत गुणकारी ठरेल. १५५३ सालीं प्येर बेलों या वनस्पतिज्ञानें फोंतेन्ब्लो येथील राजाच्या बागेंतील, कॅनडाहून आलेल्या ‘जीवनवृक्षा’चा उल्लेख केला आहे, तो थूजा होता असें सर्वसाधारणपणें मानतात. अनेद्दा म्हणजे थूजाच असेल, तर सेंत क्रवा बेटावर माणसें मरत होतीं तेव्हां ज्या झाडाचा शोध चालला होता त्याचें बी-बियाणें फ्रान्सच्या राजबागेंत अर्ध्या शतकाहून अधिक काळ आधींच येऊन पोंचलें होतें, असें म्हणावें लागेल.

८. निष्कर्ष

या सर्वांवरून आम्हांस असें वाटतें कीं, हें ज्ञान नष्ट झालें तें कागद हरवल्यामुळें मुख्यतः नव्हे. दुसऱ्या सफरीचा कागद उपलब्ध होता. त्यांत रोगाचें लक्षण, काढ्याची कृति, मात्रा, गुण येण्याची मुदत, सर्व होतें. नव्हतें एवढेंच कीं, हें झाड इतर झाडांतून ओळखावें कसें. तें लिहिण्याची गरज लेखकास भासली नाहीं. कारण तें दाखविणारी माणसें हांकेच्या अंतरावर होतीं. पुढें त्याच माणसांस कार्तिएनें पकडून परदेशीं नेलें, तीं तेथें मेलीं, मागें राहिलेल्यांशीं वैर जुळलें, आणि साठ वर्षांत ते लोकच नाहींसे झाले. डोमागाया व त्या दोन स्त्रिया यांच्याजवळ जें होतें तें कागदावर उतरलें तेव्हां त्याचा अर्धाच भाग उतरला. स्त्रियांचीं तर नांवेंहि वृत्तांतांत नाहींत.

शांप्लेननें अखेर हा धडा दुसऱ्या वाटेनें गिरविला. १६१० सालीं त्यानें एका फ्रेंच तरुणास देशी लोकांत भाषा व देश शिकण्यासाठीं ठेविलें, आणि त्याच्या बदल्यांत साव्हिन्यों नांवाच्या ह्युरॉन तरुणास फ्रान्सला नेलें. १६११ सालीं साव्हिन्योंस त्यानें त्याच्या लोकांत परत आणून पोंचविलें, व फ्रेंच तरुणहि सुखरूप परत आला. डोनाकोनाच्या वेळीं जें झालें नाहीं तें या वेळीं झालें: नेलेला माणूस परत आला. क्वेबेक टिकलें याचीं कारणें अनेक आहेत. पण बोलणारीं माणसें शेजारीं राहिलीं हें त्यांतील लहान कारण नव्हे.

आम्हां कागद जमविणारांस यांतून घेण्यासारखें एवढेंच कीं, रुमाल बांधून फडताळांत ठेविला म्हणजे आपलें काम संपलें असें मानूं नये. ज्या शब्दाचा अर्थ आज गांवांतील एखाद्या वृद्ध मनुष्यास ठाऊक आहे, तो शब्द कागदांत आढळतांच त्याजकडे जाऊन विचारावा, वस्तु प्रत्यक्ष पाहावी, आणि सांगणाऱ्याच्या नांवासह कागदाच्या समासांत टिपून ठेवावी. ‘अनेद्दा’ हा शब्द पावणेपांचशें वर्षें अक्षरशः जपला गेला आहे. आणि तें झाड नक्की कोणतें यावर पंडित अजून वाद करीत आहेत.